मेनफ्रेम संगणकातील कालमापन : अचूकता, क्रम आणि विश्वासार्हता

गोषवारा

बँका, विमा संस्था, विमान कंपन्या व शासकीय कार्यालये यांचे मोठे व्यवहार आजही ज्या मेनफ्रेम संगणकांवर चालतात, त्यांच्या अंतर्गत घड्याळाचा विचार संगणकशास्त्राबाहेरील वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचतो. 'अचूक वेळ' म्हणजे खगोलीय किंवा आण्विक वेळेशी जुळणारी वेळ, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मेनफ्रेमच्या रचनाकारांनी मात्र या गुणाच्या आधी दुसऱ्या एका गुणाला स्थान दिले. वेळ कधीही मागे जाता कामा नये आणि कोणत्याही दोन घटनांना एकच वेळ मिळता कामा नये, ही त्यांची पहिली अट होती. प्रस्तुत लेखात आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांच्या उदाहरणाने १९६४ पासून आजपर्यंतच्या कालमापन व्यवस्थेचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : मेनफ्रेम, टीओडी घड्याळ, कालमुद्रा, पॅरलल सिस्प्लेक्स, सर्व्हर टाइम प्रोटोकॉल, लीप सेकंद

प्रास्ताविक

एखाद्या बँकेच्या खात्यात ५,००० रुपये शिल्लक आहेत, अशी कल्पना करू. बँकेचे काम दोन मोठे संगणक मिळून करीत आहेत. पहिल्या संगणकावर या खात्यात २०,००० रुपये जमा होतात. तो आपल्या नोंदवहीत 'नवी शिल्लक २५,०००' असे लिहितो व शेजारी त्या क्षणाची वेळ नोंदवितो. दोन सहस्रांश सेकंदांनी दुसऱ्या संगणकावर त्याच खात्यातून १५,००० रुपयांचा धनादेश वटतो. तो आपल्या नोंदवहीत 'नवी शिल्लक १०,०००' असे लिहितो व स्वतःच्या घड्याळातील वेळ नोंदवितो. त्या दिवशी चकती नादुरुस्त झाली, तर आदल्या रात्रीची प्रत घेऊन तिच्यावर दोन्ही नोंदवह्यांतील नोंदी वेळेच्या क्रमाने पुन्हा चढवाव्या लागतील. दुसऱ्या संगणकाचे घड्याळ केवळ तीन सहस्रांश सेकंदांनी मागे असेल, तर काय होईल? धनादेशाची नोंद आधी चढेल, जमेची नंतर, आणि खात्यात २५,००० रुपये उरतील. धनादेश वटला, पैसे गेले. पण खात्यावर त्याचा मागमूस राहिला नाही. यात कोठेही चूक झाल्याची सूचना पडद्यावर येणार नाही, कारण प्रत्येक संगणकाने आपले काम बिनचूक केलेले आहे.

प्रत्यक्षात विदा-व्यवस्थापन प्रणाली केवळ वेळेवर विसंबून राहत नाहीत, त्यांना इतरही आधार असतात. तरीही वरील उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानात यावी. येथे दोन्ही घड्याळे ग्रीनिचच्या वेळेपेक्षा पाच मिनिटे पुढे असती, तरी खात्याचे काहीही बिघडले नसते. बिघडले ते त्यांच्यातील तीन सहस्रांश सेकंदांच्या आपसांतील तफावतीने. घटना घडल्याच्या क्षणी तिच्यावर वेळेची जी खूण उमटविली जाते, तिला या लेखात 'कालमुद्रा' म्हटले आहे. मेनफ्रेमच्या कालमापनाचा इतिहास हा बव्हंशी या कालमुद्रेला विश्वासार्ह करण्याचा इतिहास आहे.

स्मृतीतील एक शब्द : सिस्टीम/३६०

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टीम/३६० ही संगणकमाला जाहीर केली. तीत आजच्या अर्थाने घड्याळ नव्हते, होता तो 'अंतराल-मापक'. मुख्य स्मृतीतील ८० क्रमांकाच्या स्थानी ३२ बिटांचा एक शब्द असे व त्याचे मूल्य ठरावीक गतीने कमी होत जाई. ते शून्याखाली गेले की प्रक्रियकाला व्यत्ययाचा संकेत मिळे. स्वयंपाकघरातील शिट्टी देणाऱ्या वेळ-मापकासारखीच ही रचना होती. किती वेळ उलटला हे तिला कळे, पण किती वाजले हे कळत नसे.

ही गती ठरविण्याची युक्ती मोठी मनोरंजक आहे. साध्या यंत्रांत मापकाला स्पंदने मिळत ती विजेच्या पुरवठ्याच्या वारंवारितेपासून. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, तर युरोपात व भारतात ५० हर्ट्झ. दोन्हीकडे एकच आज्ञावली चालावी म्हणून सेकंदाचे ३०० भाग हे एकक निवडण्यात आले, कारण ३०० ही संख्या ५० व ६० या दोहोंनी भागली जाते. ६० हर्ट्झच्या देशात प्रत्येक स्पंदनाला ५ वजा करावयाचे, ५० हर्ट्झच्या देशात ६. लघुतम साधारण विभाज्याचा शालेय गणितातील धडा येथे थेट यंत्ररचनेत उतरलेला दिसतो. अधिक सूक्ष्म मापकाची सोयही उपलब्ध होती, तीत सर्वांत लहान एकक सुमारे १३ मायक्रोसेकंदांचे असे. संपूर्ण शब्दाचा फेरा साडेपंधरा तासांत पूर्ण होई.

दिवसाची खरी वेळ सांगण्याचे काम माणसाकडे होते. प्रणाली सुरू करताना यंत्रचालक भिंतीवरील घड्याळाकडे पाहून तारीख व वेळ टंकित करी. त्याच्या हातून एक आकडा चुकला, तर त्या दिवसाचे सर्व व्यवहार चुकीच्या वेळेने नोंदले जात. शिवाय मापकाचा शब्द सामान्य स्मृतीतच असल्याने तो बदलण्याची मुभा असलेली कोणतीही आज्ञावली वेळेची मोडतोड करू शकत असे. एका वेळी एकच काम, तेही गठ्ठ्याने उरकण्याच्या त्या काळात हे खपून गेले. अनेक ग्राहक एकाच वेळी दूरस्थ टर्मिनलांवरून व्यवहार करू लागले, तेव्हा हे खपणे शक्य नव्हते.

१९७० चे घड्याळ

३० जून १९७० रोजी जाहीर झालेल्या सिस्टीम/३७० मध्ये एक स्वतंत्र 'टाइम ऑफ डे' घड्याळ आले. यापुढे त्याला टीओडी घड्याळ म्हणू. आज अर्धशतक उलटून गेल्यावरही आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये मूलतः तेच घड्याळ आहे. संगणकासारख्या सतत बदलणाऱ्या क्षेत्रात एखादी रचना इतकी वर्षे टिकावी, हे तिच्या मूळ निर्णयांच्या योग्यतेचे गमक मानावे लागेल. म्हणून त्या निर्णयांकडे जरा सावकाश पाहणे इष्ट आहे.

हे घड्याळ म्हणजे ६४ बिटांची एक द्विमान संख्या आहे. डावीकडून शून्यापासून मोजल्यास ५१व्या बिटाचे मूल्य एक मायक्रोसेकंद असते. त्याच्या उजवीकडील १२ बिट मायक्रोसेकंदाचेही अंश दाखवू शकतात, म्हणजे सर्वांत उजवीकडील बिटाचे मूल्य सुमारे २४४ पिकोसेकंद होते. एवढ्या कालावधीत प्रकाशही निर्वातातून जेमतेम सात सेंटिमीटर जातो. १९७० चा कोणताही संगणक इतके सूक्ष्म मापन करू शकत नव्हता. परंतु ज्या यंत्राला जेवढी सूक्ष्मता परवडेल तेवढे बिट त्याने चालवावेत, एकक मात्र सर्वांचे एकच असावे, असा दंडक घालून देण्यात आला. त्यामुळे यंत्रे हजारो पटींनी वेगवान झाली तरी आज्ञावल्या बदलाव्या लागल्या नाहीत.

गणनेचा आरंभबिंदू १ जानेवारी १९०० च्या मध्यरात्रीचा धरण्यात आला. या निवडीचा एक गमतीदार परिणाम लवकरच दिसला. ११ मे १९७१ रोजी ग्रीनिच वेळेनुसार ११ वाजून ५६ मिनिटे ५३ सेकंदांच्या सुमारास घड्याळाचा सर्वांत डावा बिट शून्याचा एक झाला. द्विमान अंकगणितात हा बिट एक असलेली संख्या ऋण समजण्याची पद्धत आहे. तेव्हा दोन वेळांची तुलना सामान्य अंकगणिती आज्ञेने न करता चिन्हविरहित तुलनेच्या आज्ञेने करावी लागते. हा नियम नव्या प्रोग्रामरला पहिल्याच आठवड्यात शिकविण्याजोगा आहे.

घड्याळ वाचण्यासाठी 'स्टोअर क्लॉक' ही आज्ञा देण्यात आली व तिच्याशी दोन हमी जोडल्या गेल्या. पहिली अशी की, नंतर वाचलेली वेळ आधी वाचलेल्या वेळेपेक्षा नेहमी मोठीच असेल. दुसरी अशी की, एकाच यंत्रातील अनेक प्रक्रियकांनी जवळजवळ एकाच क्षणी घड्याळ वाचले, तरी दोघांना एकच मूल्य मिळणार नाही. या दुसऱ्या हमीमुळे कालमुद्रा ही केवळ वेळ न राहता त्या घटनेचा अद्वितीय क्रमांकही बनली. हजारो आज्ञावल्यांनी पुढे तिचा असा उपयोग केला. हमी पाळण्यासाठी यंत्राला प्रसंगी थांबावे लागते. मागील मूल्याहून वेगळे मूल्य निर्माण होईपर्यंत प्रक्रियक क्षणभर खोळंबतो. वेग वाढत गेला तसा हा खोळंबा जाणवू लागला. अखेर २००५ च्या सिस्टीम झेड९ मध्ये 'स्टोअर क्लॉक फास्ट' ही अधिक जलद आज्ञा आली, पण तिच्यात अद्वितीयतेची हमी नाही. कोणास वेग हवा व कोणास अद्वितीयता, हे आता प्रोग्रामरने ठरवावयाचे आहे.

या आज्ञेची आणखी एक बाजू प्रस्तुत लेखकास विशेष महत्त्वाची वाटते. वेळ देतानाच ती घड्याळाच्या अवस्थेची खूणही देते. घड्याळ रीतसर लावलेले आहे, लावलेलेच नाही, त्यात दोष आहे, किंवा ते थांबलेले आहे वा उपलब्धच नाही, या चार शक्यतांपैकी कोणती खरी ते आज्ञावलीला तत्काळ कळते. आपल्या मनगटावरील किंवा भिंतीवरील घड्याळ असे काही सांगत नाही. बंद पडलेले घड्याळही तितक्याच आत्मविश्वासाने वेळ दाखवीत असते. घड्याळ लावण्याची क्रियाही संरक्षित होती. त्यासाठी विशेषाधिकार असलेली आज्ञा तर लागेच, शिवाय यंत्रचालकाने नियंत्रण-फलकावरील एक कळ प्रत्यक्ष दाबून धरल्याखेरीज ती आज्ञा प्रभावी होत नसे.

अनेक यंत्रे, एक वेळ

एका यंत्राचा प्रश्न असा सुटला. परंतु १९८० च्या दशकात मोठ्या संस्थांचे काम एका यंत्रात मावेनासे झाले व अनेक मेनफ्रेम मिळून एक काम करण्याची गरज निर्माण झाली. प्रत्येक यंत्राचे घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकावर चालते आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत केवळ एक भाग एवढा फरक धरला, तरी दिवसाकाठी ८६ सहस्रांश सेकंदांची तफावत पडते. प्रास्ताविकातील खाते बिघडवायला तीन पुरेसे होते.

या प्रश्नाची तात्त्विक बाजू लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडली होती. दूरदूरच्या यंत्रांत 'आधी' व 'नंतर' यांना अर्थ येतो तो निरोपांमुळे. पहिल्या यंत्राने निरोप पाठविणे हे दुसऱ्याने तो स्वीकारण्याच्या आधीच घडलेले असते, मग घड्याळे काहीही म्हणोत. यातून मेनफ्रेमसाठी एक व्यावहारिक कसोटी मिळते. दोन घड्याळांतील फरक हा त्या दोन यंत्रांमध्ये निरोप जाण्यास लागणाऱ्या किमान वेळेपेक्षा कमी असला पाहिजे. तो जास्त झाला, तर पाठविल्याच्या वेळेपेक्षा पोहोचल्याची वेळ आधीची दिसेल, म्हणजे कारणाच्या आधी कार्य घडल्याची नोंद होईल. काचतंतूतून प्रकाशाला एक किलोमीटर जाण्यास सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. यंत्रे एकाच दालनात शेजारी असतील, तर निरोपाचा प्रवास मायक्रोसेकंदाच्याही अंशात संपतो. म्हणजे यंत्रे जितकी जवळ, तितकी त्यांच्या घड्याळांची जुळणी अधिक काटेकोर हवी. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते, पण तसेच आहे.

१९९० मध्ये आयबीएमने ९०३७ क्रमांकाचा 'सिस्प्लेक्स टाइमर' आणला. ही एक स्वतंत्र पेटी होती व तिचे काम एकच, सर्व मेनफ्रेमना काचतंतूवाटे समान स्पंदने पुरविणे. सेकंदाला नव्हे, तर दर १.०४८५७६ सेकंदांनी यंत्रे आपापली घड्याळे तिच्याशी ताडून पाहत. हा विचित्र दिसणारा आकडा म्हणजे दोनाचा विसावा घात इतके मायक्रोसेकंद होत. टीओडी घड्याळाचा ३१वा बिट नेमका तेवढ्या काळाने बदलतो, म्हणून तो सोयीचा. पेटी बिघडली तर सर्वच यंत्रे अडतील, हे ओळखून महत्त्वाच्या ठिकाणी दोन पेट्या परस्परांशी जोडून ठेवीत. १९९४ मध्ये जाहीर झालेल्या पॅरलल सिस्प्लेक्स या रचनेत तर अनेक यंत्रे एकच विदासंचय एकाच वेळी वाचू व बदलू लागली. अशा यंत्रसमूहाला समान वेळेचा स्रोत असणे अनिवार्य ठरले.

वेळेचा स्रोतच तुटला तर काय करावयाचे? घरगुती संगणक अशा वेळी आपल्या स्फटिकावर चालत राहतो व पुन्हा संपर्क आला की गुपचूप वेळ दुरुस्त करून घेतो. समूहातील मेनफ्रेम तसे करीत नाही. तो काम थांबवितो, यंत्रचालकास प्रश्न विचारतो, आणि संपर्क पूर्ववत न झाल्यास प्रतीक्षा-अवस्थेत जाऊन स्वतःला समूहातून दूर करतो. एका मिनिटाचे बंद पडणेही लाखो रुपयांचे नुकसान करू शकते अशा संस्थांनी ही रचना पत्करली आहे, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे. शंकास्पद वेळेने केलेले काम हे न केलेल्या कामापेक्षा महाग पडते, असा तिचा हिशेब आहे.

स्वतंत्र पेटीची जागा २००६-०७ मध्ये 'सर्व्हर टाइम प्रोटोकॉल' या व्यवस्थेने घेण्यास सुरुवात केली. तीत एक मेनफ्रेमच इतरांना वेळ पुरवितो, आणि तीही यंत्रांमधील ज्या तंतूंवरून विदेची देवघेव चालते त्याच तंतूंवरून. प्रवासाचा वेळ वजा करण्याची रीत सोपी आहे. निरोप निघाल्याची, पोहोचल्याची, उत्तर निघाल्याची व उत्तर मिळाल्याची अशा चार वेळा घ्यावयाच्या आणि जाण्यायेण्यास सारखाच वेळ लागला असे गृहीत धरून घड्याळांतील फरक काढावयाचा. या गृहीतकातच त्या रीतीचे दुबळेपण आहे. जाण्याचा मार्ग येण्याच्या मार्गापेक्षा दोन किलोमीटरने लांब असेल, तर जाण्यायेण्याच्या वेळांत दहा मायक्रोसेकंदांचा फरक पडतो आणि घड्याळाच्या हिशेबात पाच मायक्रोसेकंदांची चूक शिरते. ती यंत्राच्या लक्षात येऊ शकत नाही. म्हणून दोन केंद्रांना जोडणारे तंतू कोणत्या मार्गाने नेले आहेत, ही वरकरणी स्थापत्याची वाटणारी बाब येथे कालमापनाची होते.

वेळ पुरविणारे यंत्र बंद पडल्यास दुसरे नेमलेले राखीव यंत्र ते काम हाती घेते. परंतु येथे एक धोका असतो. पहिले यंत्र खरोखर बंद पडले आहे, की केवळ दोघांमधील तंतू तुटला आहे, हे राखीव यंत्राला कसे कळावे? तंतूच तुटला असेल व राखीव यंत्राने अधिकार घेतला, तर समूहात दोन वेळा नांदू लागतील. यासाठी तिसऱ्या यंत्राला लवादाचे स्थान दिले जाते. तिघांपैकी दोघांचा परस्परांशी संपर्क असेल, तरच अधिकार बदलतो. एकटे पडलेले यंत्र, मग ते मूळचे अधिकारी का असेना, वेळ पुरविण्याचा अधिकार सोडते.

प्रक्रियक पुढे इतके वेगवान झाले, की निरोपांच्या प्रवासापेक्षा घड्याळांची जुळणी कमी पडण्याची भीती निर्माण झाली. त्यावर काढलेला तोडगा साधा आहे. आलेल्या निरोपावरील कालमुद्रा स्वीकारणाऱ्याच्या घड्याळापेक्षा पुढची असेल, तर तो निरोप तेवढा वेळ अडवून ठेवावयाचा. स्वीकारणाऱ्याचे घड्याळ त्या क्षणाच्या पुढे गेले की मगच त्यावर काम सुरू करावयाचे. कार्यकारणाचा क्रम राखण्यासाठी येथे वेगाचा त्याग केला जातो.

मागे न जाता दुरुस्ती

घड्याळ पुढे गेले असेल, तर आपण काटे मागे फिरवितो. मेनफ्रेमला ही मुभा नाही, कारण मागे गेलेल्या घड्याळातून आधी दिलेल्याच कालमुद्रा पुन्हा दिल्या जातील. म्हणून दुरुस्ती वेग बदलून केली जाते. घड्याळ पुढे असेल तर ते किंचित मंद चालविले जाते, मागे असेल तर किंचित जलद. सर्व्हर टाइम प्रोटोकॉलमध्ये एका सेकंदाची दुरुस्ती पूर्ण होण्यास सुमारे सात तास लागतात. या सात तासांत बाहेरील जगाच्या दृष्टीने घड्याळ चुकीचे असते, पण यंत्रसमूहाच्या दृष्टीने क्षणभरही बिघडलेले नसते. दोन्ही निकषांत संघर्ष आला, की कोणता निकष वरचढ ठरतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

लीप सेकंदाने या संघर्षाला अधिकृत रूप दिले. पृथ्वीचे परिवलन व आण्विक घड्याळे यांचा मेळ राखण्यासाठी १९७२ पासून समन्वित वैश्विक वेळेत, म्हणजे यूटीसीत, आतापर्यंत २७ जादा सेकंद घालण्यात आले. शेवटचा सेकंद ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस आला. भारतात तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती व साडेपाचचा ठोका पडण्यापूर्वी ५ वाजून २९ मिनिटांचे मिनिट ६१ सेकंदांचे झाले. त्या रात्री क्लाउडफ्लेअर या सेवेच्या काही सर्व्हरांवर 'वेळ कधी मागे जात नाही' या गृहीतकावर लिहिलेली आज्ञावली दोन वेळांची वजाबाकी ऋण आल्याने कोलमडली. २०१२ च्या लीप सेकंदाच्या वेळी लिनक्स प्रणालीतील दोषामुळे अनेक संकेतस्थळे अडखळली होती.

मेनफ्रेमवर यासाठी दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिल्यात लीप सेकंदाची दखलच घेतली जात नाही. तो उलटून गेल्यावर घड्याळ एक सेकंद पुढे असल्याचे आढळते व वर सांगितल्याप्रमाणे सात तासांत हळूहळू जुळवून घेतले जाते. दुसऱ्यात टीओडी घड्याळ अखंड चालू राहते, त्यात लीप सेकंदांची एकूण संख्या मिसळलेली असते, आणि यूटीसी हवी असेल तेव्हा ती वजा केली जाते. या मार्गात जादा सेकंद येतो तेव्हा झेड/ओएस ही कार्यप्रणाली तो संपूर्ण सेकंद कोणत्याही आज्ञावलीस चालू देत नाही. सर्वजण थांबतात आणि सेकंद गेल्यावर पुढे सरकतात. सेकंदाला हजारो व्यवहार करणाऱ्या यंत्राने ठरवून एक सेकंद निष्क्रिय राहणे हे एरवी अकल्पनीय आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०३५ पर्यंत या प्रथेतून बाहेर पडण्याचा ठराव केला. संगणकांना होणारा हा त्रास त्यामागील प्रमुख कारणांपैकी एक होता.

स्थानिक वेळेचा पेच

टीओडी घड्याळ वैश्विक वेळ राखते, स्थानिक वेळ तिच्यात ठरावीक अंतर मिळवून काढली जाते. भारतातील यंत्रासाठी हे अंतर पूर्वेकडे साडेपाच तास असे प्रणालीच्या मांडणीत लिहिले जाते. येथे एक बारीक खोच आहे. झेड/ओएस मध्ये हे अंतर ठेवण्याची जुनी जागा केवळ ३२ बिटांची असून तिचे एकक सेकंद नसून वर उल्लेखिलेले १.०४८५७६ सेकंद हे आहे. साडेपाच तासांचे १९,८०० सेकंद होतात व त्यांना या एककाने भागल्यास पूर्णांक येत नाही, १८,८८२ आणि पाऊण एवढे येते. म्हणून जुन्या जागेवरून स्थानिक वेळ काढणारी आज्ञावली काही दशांश सेकंदांनी चुकते. नंतर ६४ बिटांची पूर्ण अंतर ठेवणारी जागा देण्यात आली. परंतु जुन्या जागेवरून वाचणारी आज्ञावली कोणी तरी शोधून बदलेपर्यंत ती तशीच चुकत राहते.

ज्या देशांत उन्हाळी वेळ पाळतात, तेथील पेच अधिक मोठा. शरद ऋतूत घड्याळे तासभर मागे घेतली जातात, तेव्हा एक ते दोन हा तास दोनदा येतो. आयएमएस या जुन्या विदा-प्रणालीच्या आरंभीच्या आवृत्त्या नोंदवहीत स्थानिक वेळ लिहीत. त्यामुळे त्या रात्री प्रणाली तासभर बंद ठेवणे हाच सुरक्षित उपाय असे. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, घड्याळे तासभर पुढे होती. त्यानंतर आपल्याकडे हा प्रकार नाही. तथापि मुंबई व पुणे येथील ज्या अभियंत्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकी संस्थांच्या आज्ञावल्यांवर काम केले, त्यांना स्वतःच्या देशात नसलेल्या या तासाचा हिशेब दर वर्षी दोनदा ठेवावा लागे.

बाहेरील जगाची मागणी

येथवर क्रमाला अग्रस्थान देणारी बाजू मांडली. परंतु गेल्या दोन दशकांत बाहेरील वेळेशी जुळण्याची मागणीही कठोर झाली आहे, आणि ती विधिनियमांतून आली आहे. युरोपीय संघाच्या ३ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अतिशीघ्र रोखे-व्यवहार करणाऱ्यांचे घड्याळ यूटीसीपासून १०० मायक्रोसेकंदांपेक्षा अधिक ढळता कामा नये. भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशाने सेवादात्यांना, विदा-केंद्रांना व कंपन्यांना आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, अथवा त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा स्रोताशी, जुळविणे बंधनकारक केले. गुन्ह्याचा तपास करताना वेगवेगळ्या संस्थांच्या नोंदी एकत्र मांडता याव्यात, हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे.

मेनफ्रेमने ही मागणी टप्प्याटप्प्याने पुरी केली. संगणक-जालावरील एनटीपी या पद्धतीने सर्व्हर टाइम प्रोटोकॉलला बाहेरील वेळेच्या १०० सहस्रांश सेकंदांच्या आत राहता येते. उपग्रह-स्वीकारकाकडून दर सेकंदाला एक स्पंदन मिळाल्यास ही मर्यादा १० मायक्रोसेकंदांवर येते. २०१९ च्या झेड१५ पासून पीटीपी या अधिक सूक्ष्म पद्धतीचीही सोय झाली.

सप्टेंबर २०४२

टीओडी घड्याळाचे पहिले ५२ बिट मायक्रोसेकंद मोजतात. दोनाचा बावन्नावा घात इतके मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे १४२ वर्षे व साडेआठ महिने. १९०० पासून मोजल्यास, लीप सेकंद न धरता, १७ सप्टेंबर २०४२ रोजी वैश्विक वेळेनुसार रात्री ११ वाजून ५३ मिनिटे ४७ सेकंदांनी घड्याळ पुन्हा शून्यावर येईल. भारतात तेव्हा १८ सप्टेंबरची पहाट असेल.

यंत्रापुरता हा प्रश्न केव्हाच सोडविला गेला आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'स्टोअर क्लॉक एक्स्टेंडेड' ही १६ बाइटांची कालमुद्रा देणारी आज्ञा आली. तिच्या डावीकडे आठ जादा बिट राखलेले असून ते वापरल्यास सुमारे ३६,५०० वर्षे पुरतील. उजवीकडे १६ बिटांत यंत्राचा क्रमांक घालता येतो, म्हणजे संपूर्ण समूहात कालमुद्रा अद्वितीय ठेवता येते. २०१७ च्या झेड१४ मध्ये डावीकडील जादा बिट प्रत्यक्ष चालविण्याची सोयही झाली.

अडचण आहे ती साठविलेल्या नोंदींची. डीबी२ या विदा-प्रणालीने समूहातील नोंदींचा क्रम लावण्यासाठी घड्याळाचे पहिले सहा बाइटच घेतले होते. त्यांत सर्वांत लहान एकक १६ मायक्रोसेकंदांचे होते. आरंभी ते पुरेसे होते, पण वेगवान प्रक्रियकांवर तेवढ्या वेळात एकाच पृष्ठावर अनेक बदल होऊ लागले व पुढील मूल्य मिळेपर्यंत प्रणालीला थांबावे लागे. २०१३ च्या डीबी२ आवृत्ती ११ मध्ये ही जागा दहा बाइटांची झाली. त्यामुळे सूक्ष्मतेचा व २०४२ चा असे दोन्ही प्रश्न मिटले. मात्र विदासंचय नव्या रूपात आणण्याचे काम ज्याच्या त्याच्याकडे राहिले.

संस्थांनी स्वतः लिहिलेल्या आज्ञावल्यांचे तसे नाही. कोबोल वा असेंब्लर भाषेतील असंख्य आज्ञावल्यांनी कालमुद्रेसाठी आठ बाइटांची जागा राखलेली आहे, आणि तीच नोंद फितींवर व संचयांत दशकानुदशके जपलेली आहे. २००० सालचा प्रश्न दोन अंकी वर्षाचा होता. तो छापील कागदावरही डोळ्यांना दिसे, म्हणून शोधता आला. आठ बाइटांची द्विमान संख्या डोळ्यांना काहीच सांगत नाही. शिवाय हा प्रश्न २०४२ पर्यंत थांबणाराही नाही. एखादी आज्ञावली 'आजपासून वीस वर्षे जतन करावे' अशी मुदत कालमुद्रेच्या रूपात काढीत असेल, तर १७ सप्टेंबर २०२२ नंतर तिने काढलेली मुदत आठ बाइटांत मावत नाही. उरलेली संख्या १९०० सालच्या आरंभीची वेळ दर्शविते. मुदत संपलेल्या नोंदी पुसून टाकणारी दुसरी आज्ञावली रात्री चालते, तेव्हा तिच्या हिशेबाने ही नोंद शतकापूर्वीच कालबाह्य झालेली असते.